लिलाव सरकारचा, अपराध गिऱ्हाइकाचा

ज्या वस्तूचा सरकारने जाहीर लिलाव पुकारला, जिची पूर्ण किंमत सरकारी तिजोरीत जमा झाली आणि जिच्या विक्रीचा दाखला सरकारी शिक्क्यानिशी गिऱ्हाइकाच्या हाती पडला, ती वस्तू तो वापरू लागताच सरकारचेच दुसरे खाते त्याला अपराधी ठरविते, असे कोणी सांगितले तर सामान्य माणसाचा त्यावर सहसा विश्वास बसणार नाही. परंतु सैन्याने निकालात काढलेल्या जीपगाड्या, ट्रक आणि तत्सम वाहने यांच्या बाबतीत पुष्कळदा असाच अनुभव येतो. संरक्षण खाते विकून मोकळे होते, परिवहन कार्यालय नोंदणीस का-कू करते आणि मध्ये सापडलेला खरेदीदार दोन्ही दारांशी हेलपाटे घालीत राहतो. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण अशाच प्रसंगासाठी जन्मली असावी.

हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या मूठभर शौकिनांचा आहे, अशी काहींची समजूत आहे. ती बरोबर नाही. सैन्याची गाडी चारी चाकांनी जोर लावते, चिखलातून व चढावरून निघते आणि नव्या गाडीच्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळते. म्हणून तिला डोंगराळ मुलखातील वाहतूकदार, आडगावचा शेतकरी आणि खाणीवरचा कंत्राटदार अशी नाना प्रकारची गिऱ्हाइके आहेत. शिवाय अशी गाडी एकदा सडकेवर आली की तिचा संबंध केवळ तिच्या मालकाशी राहात नाही. त्या सडकेवरून चालणाऱ्या प्रत्येक पादचाऱ्याशी, सायकलस्वाराशी आणि शाळकरी पोराशी तो जडतो. त्या गाडीचे ब्रेक लागतात की नाही, तिचा विमा आहे की नाही आणि अपघात झाल्यास तिच्या मालकाचा पत्ता लागेल की नाही, हे प्रश्न म्हणूनच सार्वजनिक महत्त्वाचे ठरतात.

या व्यवहाराला इतिहासही मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपले तेव्हा त्यांतील कित्येक गाड्या जेथे होत्या तेथेच राहिल्या. आसाम आणि बंगाल हा ब्रह्मदेशाच्या आघाडीचा पिछाडीचा प्रदेश असल्यामुळे तेथे असा माल अमाप साठला होता. बंगालमधील पानागढचा लष्करी भंगाराचा बाजार त्याच काळाची आठवण सांगतो. या गाड्या लिलावात निघाल्या आणि रणांगणासाठी बनलेले वाहन मळ्यात, जंगलात आणि निवडणुकीच्या प्रचारात दाखल झाले. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा जीप हा शब्द मराठी माणसाच्या बोलीत रुळून गेला. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून तयार होऊ लागलेली जोंगा, जर्मन मान कंपनीच्या परवान्याने बनलेले शक्तिमान ट्रक आणि नव्वदीच्या दशकात सैन्यात दाखल झालेली मारुती जिप्सी, ही सारी त्याच परंपरेतील पुढची अपत्ये होत. यांतील जोंगा १९९९ मध्ये बंद झाली, शक्तिमान त्याआधीच बंद झाला आणि जिप्सीचे उत्पादनही आता थांबले आहे. सैन्य नवी वाहने घेत आहे, त्या प्रमाणात जुनी बाहेर पडणारच. ती कोठे जाणार, याचा विचार बाहेर पडण्यापूर्वी व्हावयास हवा.

कायदा याविषयी अगदीच मुका आहे काय? तसे मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमाने संरक्षणाच्या कामी असलेल्या मध्यवर्ती सरकारच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविली आहे. ऊर्ध्वमुख बाणाने सुरू होणारे, खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे पोटात बाळगणारे सैन्याच्या गाड्यांचे निराळे क्रमांक आपण पाहतो, ते यामुळेच. परंतु त्याच कलमात पुढे असेही स्पष्ट म्हटले आहे की, असे वाहन मध्यवर्ती सरकारच्या मालकीचे उरले नाही की त्याला ३९ व ४० ही सर्वसाधारण नोंदणीची कलमे लागू व्हावीत. १९८९ च्या नियमांतील ४७ वा नियम तर नोंदणीच्या अर्जासोबत जोडावयाच्या कागदांत, सैन्याकडून आलेल्या वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्याच्या मूळ विक्री-दाखल्याचा नाव घेऊन उल्लेख करतो. म्हणजे सैन्याची गाडी नागरिकाच्या नावावर चढू शकते हे कायदेमंडळाने गृहीत धरलेले आहे. एवढेच नव्हे, तर ४५ व्या कलमान्वये नोंदणी नाकारावयाची झाल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी दिली पाहिजेत आणि त्या निर्णयावर अपिलाची वाट ५७ व्या कलमाने मोकळी ठेवली आहे.

मग घोडे अडते कोठे? ते अडते तपशिलात. नवी मोटार विक्रेत्याकडून येते तेव्हा तिच्याबरोबर कागदांची संपूर्ण शिदोरी येते. तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असतो, तिचे वजन, आसनसंख्या, इंजिनाची शक्ती आणि धुराचे प्रमाण ठरलेले असते. सैन्याच्या गाडीपाशी विक्रीच्या दाखल्यापलीकडे पुष्कळदा काहीच नसते. ती नागरी सडकेसाठी बनलीच नव्हती. तिच्या दिव्यांची रचना अंधारबंदीत शत्रूला दिसू नये या हेतूने केलेली, तिचे बंपर अडथळे ढकलण्यासाठी घडविलेले. महायुद्धकालीन जीपचे चक्र तर डाव्या हाताला असे. अशा गाडीला योग्य इशारादर्शक यंत्रणा नसल्यास ती सार्वजनिक जागी चालविण्यास १२० वे कलम मनाई करते. यात भर म्हणून पुष्कळ गाड्यांची चेसिसवरील अक्षरे पुसट झालेली असतात आणि इंजिने नोकरीच्या काळातच बदललेली असतात. परिवहन कार्यालयातील अधिकाऱ्यापुढे असे वाहन उभे राहिले म्हणजे तो बिचारा कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवून सही करणार? नाकारण्याची कारणे लिहून दिली तर अपील होते, मंजुरी दिली तर चौकशीचे भय राहते. त्यापेक्षा अर्ज तसाच पडू देणे त्याला सोयीचे वाटते. दोष त्या एका माणसाचा नाही. ज्याच्या आधाराने त्याने निर्णय घ्यावा असा कागदच त्याच्या हाती कोणी दिलेला नाही.

या टोलवाटोलवीचा परिणाम काय होतो ते पाहा. सचोटीचा खरेदीदार थकून गाडी अंगणात गंजू देतो. कमी सचोटीचा मनुष्य मोडीत गेलेल्या दुसऱ्या एखाद्या जीपचे कागद पैदा करतो आणि तिचा क्रमांक या गाडीला डकवून निर्धास्तपणे फिरतो. दलालांचे तर यात उखळच पांढरे होते. पेट्रोलवर चालणाऱ्या जोंगाचे जवळजवळ चार लिटरचे अजस्र इंजिन परवडत नाही म्हणून त्याच्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसविण्याचे प्रकार ठाऊक नसलेला मोटारदुरुस्तीवाला विरळा. वास्तविक निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास ५२ वे कलम मज्जाव करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा दंडक निःसंदिग्ध शब्दांत सांगितला आहे. तरी असे बदल होतात, कारण ज्या गाडीची नोंदच नाही तिच्यातील बदलाची नोंद कोण ठेवणार? जो नियम पाळू इच्छितो त्याला शिक्षा आणि जो नियम चुकवितो त्याला सवलत, असा हा उफराटा न्याय आहे.

यातील सर्वांत गंभीर बाब अपघातग्रस्ताची. गाडी सैन्यात असते तोवर तिला तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या विम्याची सक्ती नाही, कारण १४६ व्या कलमाने सरकारी वाहनांना त्यातून वगळले आहे. त्यात वावगे काही नाही. अपघात झालाच तर भरपाईसाठी खुद्द भारत सरकार उभे असते आणि भारत सरकारचे दिवाळे निघत नाही. परंतु लिलावाचा हातोडा पडला त्याच क्षणी हे छत्र नाहीसे होते. त्यानंतर नोंदणी नाही म्हणून रीतसर विमा नाही, विमा नाही म्हणून भरपाई देणारा कोणी नाही. अडीच टनांचा जुना ट्रक एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाला चिरडून गेला, तर त्या कुटुंबाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? न्यायाधिकरण मालकाविरुद्ध हुकूमनामा देईल, पण ज्याने स्वस्त म्हणून ती गाडी घेतली त्याच्याकडून लाखो रुपये वसूल कसे होणार? टक्कर देऊन पसार झालेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत मृत्यूसाठी दोन लाख रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पण सरकारनेच विकलेले वाहन अज्ञात राहावे आणि मग त्याच्या अज्ञातपणाची भरपाई सार्वजनिक निधीतून व्हावी, याला कारभार म्हणावयाचे काय?

सुरक्षिततेची बाजू याहून वेगळी, पण तितकीच महत्त्वाची आहे. संरक्षण खात्याखेरीज इतर कोणाच्याही मोटारीला ऑलिव्ह हिरवा रंग असता कामा नये, असे नियम १२१ सांगतो. हा नियम कोणाच्या हौसेवर विरजण घालण्यासाठी केलेला नाही. वर्दीप्रमाणेच वाहनाच्या रंगावरही जनतेचा आणि पहारेकऱ्याचा विश्वास बसतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे अतिरेकी गृहमंत्रालयाचे खोटे लेबल लावलेल्या पांढऱ्या मोटारीतून आवारात शिरले होते, ही गोष्ट देश विसरलेला नाही. एका चिकटविलेल्या कागदाने जर एवढे साधले, तर सैन्याच्या खऱ्याखुऱ्या गाडीने, सैन्याच्याच रंगात आणि बाणाच्या पुसट खुणेसह काय साधणार नाही? तरीही विकली जाणारी गाडी रंग बदलूनच आवाराबाहेर पडेल, याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकण्याऐवजी ती खरेदीदाराच्या सद्‌बुद्धीवर सोडणे, हा सुरक्षिततेचा अजब प्रकार म्हणावा लागेल.

याउलट असा एक विचार मांडला जातो की, ही सारी वाहने सरळ मोडीत काढावीत म्हणजे सुंठीवाचून खोकला जाईल. हा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर सहाव्या टप्प्याचे धूरनियंत्रण लागू आहे. वाहने मोडीत काढण्याच्या अधिकृत केंद्रांचे नियम २०२१ मध्ये झाले. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणली. त्यातून केवळ संरक्षण व अंतर्गत सुरक्षा यांच्या प्रत्यक्ष कारवाईत वापरावयाची चिलखती आणि विशेष वाहने वगळली. सरकार स्वतःची पंधरा वर्षांची मोटार सडकेवरून काढून घेत असता पंचवीस वर्षांचा लष्करी ट्रक नागरिकाने का चालवावा, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर दिले पाहिजे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर शहरातील मुलांच्या फुप्फुसांत जातो. जुन्या गाडीत चालकाला पट्टा नाही, चेंगरणारे भाग नाहीत आणि ब्रेकची एक नळी फुटली तर दुसरी आधाराला नाही. या वस्तुस्थितीकडे गतकाळाच्या प्रेमाने डोळेझाक करता येणार नाही, आणि आम्हीही ती करू इच्छीत नाही.

परंतु मोडीत काढणे हेच जर धोरण असेल, तर ते प्रामाणिकपणे राबविले पाहिजे. मग वाहनाचा लिलाव पुकारू नये, लोखंडाचा पुकारावा. चेसिस कापून, क्रमांक नष्ट करून आणि इंजिन वेगळे करूनच माल आवाराबाहेर सोडावा. गाडी म्हणून विकली की बोली चढते आणि भंगार म्हणून विकली की उतरते, हे विकणाऱ्याला पुरते ठाऊक आहे. गाडीची किंमत घ्यावयाची आणि मागाहून तिला भंगाराचा दर्जा द्यावयाचा, हा व्यवहार एखाद्या खासगी व्यापाऱ्याने केला असता तर ग्राहक न्यायालयाने त्याची हजेरी घेतली असती. सरकारला यातून सूट कोणत्या न्यायाने मिळावी?

परदेशांतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेने आपल्या सैन्याच्या हम्वी गाड्यांचा जाहीर लिलाव २०१४ च्या अखेरीस सुरू केला, तेव्हा त्या केवळ सडकेबाहेरच्या वापरासाठी आहेत अशी अट घातली. सैन्यासाठी बनलेल्या वाहनांना तेथील नागरी सुरक्षा-मानके लागू नसतात, हे त्याचे कारण. तरी मालकीहक्काचा दाखला देण्याचा अधिकार प्रत्येक राज्याकडे असल्यामुळे एका राज्यात जी गाडी सडकेवर चालते ती दुसऱ्यात चालत नाही, अशी विचित्र स्थिती उद्भवली. फिलिपिन्सची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकन फौजांनी मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून तेथील लोकांनी जीपनी नावाची वाहतूकच उभी केली. गरज म्हणून आलेली ही सोय पिढ्यान्‌पिढ्यांची जीवनरेखा झाली, आणि २०१७ पासून सरकार तिच्या जागी नवी वाहने आणू लागताच हजारो चालकांच्या पोटापाण्याचा प्रश्न पुढे ठाकला. पहिल्या उदाहरणावरून नियम सर्वत्र एक असावा हा धडा मिळतो. अटी घालावयाच्या तर त्या प्रारंभीच घालाव्यात, नंतर त्या घालणे फार महाग पडते, हा धडा दुसरे उदाहरण देते.

आमच्या मते या प्रश्नाची उकल लिलावानंतर नव्हे, तर लिलावापूर्वी झाली पाहिजे. बाहेर पडणाऱ्या वाहनांचे तीन वर्ग संरक्षण खात्यानेच पाडावेत. पहिला वर्ग ज्यांचा नागरी जोडभाऊ बाजारात विकला गेला आहे अशा वाहनांचा. जिप्सी हे त्याचे ठळक उदाहरण. यांची तांत्रिक माहिती आधीच उपलब्ध असल्यामुळे वय व धूर यांची कसोटी उतरल्यास त्यांची नोंदणी अडविण्याचे कारण नाही. दुसरा वर्ग जोंगा व शक्तिमान यांसारख्या केवळ सैन्यासाठी बनलेल्या, पण साध्या चाकांच्या गाड्यांचा. तिसरा चिलखती, पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि शस्त्रे बसविण्याची योजना असलेल्या वाहनांचा. यांना नागरी सडकेवर स्थान नाही. ती संग्रहालयात जावीत किंवा भट्टीत.

खरा प्रश्न दुसऱ्या वर्गाचा आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या अंगणातच आहे. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या दोन्ही संस्थांना वाहनांचे नमुने तपासण्याचा अधिकार १२६ व्या नियमाने दिलेला आहे, आणि व्हीआरडीई तर संरक्षण खात्याचीच संस्था आहे. प्रत्येक गाडी तपासण्याची गरज नाही. प्रत्येक नमुन्याचे एक तांत्रिक पत्रक या संस्थांनी एकदाच तयार करावे. त्यात वजन, आसने, इंजिन, दिवे आणि नागरी सडकेसाठी आवश्यक ते फेरफार नमूद असावेत, आणि ते देशातील प्रत्येक परिवहन कार्यालयात असावे. लिलावाच्या वेळी विक्रीच्या दाखल्यावर वर्ग, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व निर्मितीचे वर्ष ठळकपणे लिहावे. रंग बदलल्याशिवाय आणि सैन्याच्या खुणा पुसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडू नये. ४३ व्या कलमाखालील तात्पुरती नोंदणी आणि तिऱ्हाइताचा विमा फाटकावरच व्हावा, म्हणजे नोंदणीविना व विम्याविना गाडी सडकेवर येण्याचा एक दिवसही उरणार नाही. त्यानंतर यांत्रिक तपासणी केंद्रात ब्रेक, चक्र आणि धूर यांची परीक्षा व्हावी. तीत नापास झालेल्या गाडीला मोडीचीच वाट दाखवावी. परिवहन कार्यालयाने ठराविक मुदतीत होकार द्यावा अथवा लेखी नकार. आणि दाट वस्तीच्या शहरांत दुसऱ्या वर्गातील गाड्यांच्या वापरावर निर्बंध घालण्याची मुभा राज्यांना असावी. खेड्यातील गरज ही शहरातील धुराची सबब होऊ नये.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्यवस्था मात्र निराळी आहे आणि ती पुरेशीही आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी अशा दुचाकींना व प्रवासी मोटारींना स्वतंत्र मालिकेत दहा वर्षांसाठी नोंदणी देऊ केली. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले आणि वापर प्रदर्शन, फेरी, संशोधन व दुरुस्ती एवढ्यापुरता मर्यादित केला. महायुद्धातील जीप मूळ स्वरूपात जतन करणाऱ्या संग्राहकाने या मार्गाने जावे. मात्र ऐतिहासिक वस्तूची सवलत घ्यावयाची आणि तिच्यात रेती वाहावयाची, असा दुहेरी लाभ कोणाला मिळता कामा नये.

यांत्रिक वाहने हा घटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे, कर मात्र राज्यांचा. त्यामुळे दिल्लीने राज्यांकडे आणि राज्यांनी दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोय येथे पुरेपूर आहे. पण विकणारे संरक्षण मंत्रालय मध्यवर्ती, नियम करणारे रस्ते वाहतूक मंत्रालय मध्यवर्ती आणि तपासणाऱ्या संस्थांना मान्यता देणारे सरकारही मध्यवर्तीच. या दोन मंत्रालयांचे सचिव एका टेबलाशी बसले, तर कायद्यातील एकही कलम न बदलता, केवळ नियमांत थोडी भर घालून हा गुंता सुटू शकतो. तोवर निदान एक गोष्ट तरी ताबडतोब व्हावी. ज्या गाडीची नोंदणी होऊ शकणार नाही असे सरकारला ठाऊक आहे, ती गाडी म्हणून विकणे त्याने बंद करावे. नागरिकाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्या राज्याने स्वतःच्या दुकानात तरी माल खरा ठेवला पाहिजे.